हत्तीरोगावरच्या गोळीचे जनक : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आरोग्य कर्मचारी दारात येतात. आपल्यापैकी बरेच जण त्या ठेवून घेतात आणि विसरून जातात. या गोळीमागे एका भारतीय शास्त्रज्ञाचे कष्ट आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या मुलखातील भीमावरम येथे १२ जानेवारी १८९५ रोजी सुब्बाराव यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती. संग्रहणीने भाऊ दगावले आणि वैद्यकशास्त्राचा ध्यास त्यांनी घेतला. सासऱ्यांच्या मदतीने ते मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादी वापरली. इंग्रज प्राध्यापकांची मर्जी त्यामुळे गेली आणि पूर्ण पदवीऐवजी खालच्या दर्जाची पदवी हाती पडली. काही काळ त्यांनी आयुर्वेद महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवले.

१९२३ मध्ये ते बोस्टनला पोहोचले. पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करत ते हार्वर्डमध्ये शिकले. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्यावरील संशोधन यांत त्यांचा मोठा वाटा होता. तरीही हार्वर्डने त्यांना कायम केले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक ॲसिड तयार झाले. भावांना नेणाऱ्या संग्रहणीवर ते पुढे उपयोगी पडले. १९४७ मध्ये हत्तीरोगावरचे डी.ई.सी. हे औषध पुढे आले. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. मायदेशी ते कधीच परतले नाहीत.

१९५५ मध्ये भारताने राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तो याच औषधाच्या आधारावर. तरी रोग हटला नाही. याचे जंतू रक्तात रात्री दिसतात, म्हणून तपासणीही रात्रीच करावी लागते. पाय सुजेपर्यंत कित्येक वर्षे जातात आणि सुजल्यावर माणूस लाजेने घरात बसतो. तोवर गटाराच्या पाण्यातले डास आपले काम करत राहतात.

याउलट नारूची गोष्ट पाहा. नारूवर ना औषध होते, ना लस. पण गावोगाव, घरोघर शोध घेऊन प्रत्येक रुग्णाची नोंद झाली, पाणी गाळून पिण्याची सवय लावली गेली. १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. एका जंतावर औषध नसताना आपण मात केली, दुसऱ्यावर औषध असून झगडतो आहोत. फरक आहे तो नोंदीचा. म्हणूनच हत्तीरोगाचा प्रत्येक रुग्ण, सरकारी दवाखान्यात आलेला असो की खासगी, सरकारदरबारी कळवणे देशभर बंधनकारक असायला हवे.

हत्तीरोगग्रस्त प्रदेशांच्या यादीत आपल्या दादरा-नगर हवेलीचेही नाव होते. सिल्वासाच्या कारखान्यांत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून माणसे कामाला येतात आणि हत्तीरोग त्या राज्यांतही आहे. रात्री रक्त तपासायला कोणी आले, तर त्यांना दार उघडावे. कोणाचा पाय सुजलेला दिसला, तर हसण्याऐवजी त्याला दवाखान्यात न्यावे. गजाननासमोर हात जोडणाऱ्या आपल्याकडून एवढे व्हावे. सुब्बारावांनी आपले काम केले आहे, उरलेले आपल्याकडे आहे.