कपड्यांना घाबरणारा राजपुत्र

सुरुवातीलाच दोन गोष्टी कबूल करते. एक, मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाचा जो काही गोंधळ असेल तो माझा, आणि जे शुद्ध दिसेल ते संपादक मंडळाचं! दुसरी गोष्ट जरा जास्त गंभीर. मागच्या पीएलमध्ये, म्हणजे जेव्हा अख्खं होस्टेल अभ्यास करत होतं तेव्हा, मी आणि माझी रूममेट लॅपटॉपवर कोरियन सिरियल बघत होतो. जुन्या काळातल्या, राजा-राणीच्या.

खरं सांगायचं तर सुरुवातीला स्टोरीकडे आमचं लक्षच नव्हतं. आम्ही कपडे आणि दागिने बघायचो. राण्यांच्या अंबाड्यात आडवी खोचलेली जेडची किंवा सोन्याची लांब पिन (तिला बिन्यो म्हणतात), आखूड जॅकेटच्या गाठीला लटकवलेला रेशमी गोंड्यांचा दागिना म्हणजे नोरिगे, आणि डोक्यावर गंगावनाचा हा एवढा डोंगर! त्या गंगावनाला गाचे म्हणायचे. रूममेटने तर ड्रॉइंग शीटच्या पाठीमागे नोरिगेची चार डिझाइन्स काढून ठेवली आहेत. ग्राफिक्सच्या सरांनी ती बघितली नाहीत हे नशीब.

हळूहळू कळायला लागलं की तिथे नुसते कपडे बघून माणसाची जागा ओळखता येते. राजाचा झगा लाल, त्यावर सोन्याच्या जरीचा ड्रॅगन, आणि त्या ड्रॅगनला नखं पाच. युवराजाचा झगा गडद निळा-काळा आणि ड्रॅगनला नखं चार. एक नख कमी म्हणजे अजून राजा व्हायचंय! ‘द रेड स्लीव्ह’ या २०२१ च्या सिरियलचं तर नावच राजवाड्यातल्या दासींच्या बाहीच्या लाल काठावरून आलंय.

त्या सिरियलचा हीरो यी सान, म्हणजे पुढचा राजा जोंगजो. पण मला छळत राहिला तो त्याचा बाप. बाप तेव्हा मेलेला असतो, पण सगळे त्याच्याच आठवणीने घाबरलेले असतात. हा कोण, म्हणून शोधायला गेले आणि मग अभ्यास राहिलाच. त्याच्या बायकोने, लेडी हेग्योंगने, म्हातारपणी आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांचं इंग्रजी भाषांतर मिळालं. ही गोष्ट त्या राजपुत्राची, युवराज सादोची.

सादोचा जन्म १७३५ चा. वडील राजा योंगजो. त्यांचा मोठा मुलगा १७२८ मध्येच वारला होता, त्यामुळे हा मुलगा फार उशिरा आणि फार नवसासायासाने आलेला. वर्षभरातच त्याला युवराज करून टाकलं. आई-वडिलांपासून दूर, वेगळ्या महालात, नोकरांच्या ताब्यात तो वाढला.

योंगजो काही वाईट राजा नव्हता, उलट कोरियाच्या चांगल्या राजांमध्ये त्याचं नाव घेतात. १७२४ ते १७७६, तब्बल ५२ वर्षं त्याने राज्य केलं. अभ्यासू, साधं राहणारा. बायकांच्या गंगावनावर घराघरात पैसा उधळला जातो म्हणून १७५६ मध्ये त्याने गाचेवर बंदी घातली आणि त्याऐवजी छोटी टोपी घालायला सांगितली. पण त्याच्या मनात एक काटा होता. त्याची आई राजवाड्यातली अगदी खालच्या दर्जाची दासी होती. शिवाय आधीचा राजा, म्हणजे त्याचा सावत्र भाऊ, मेला तेव्हा लोकांनी याच्यावरच संशय घेतला होता. त्यामुळे आपल्यात आणि आपल्या मुलात कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये, असं त्याला सतत वाटायचं.

आणि मुलगा नेमका वेगळा निघाला. सादो लहानपणी हुशार होता, पण त्याला पुस्तकांपेक्षा तलवारबाजी आणि धनुष्यबाण आवडायचं. वडील चारचौघांसमोर प्रश्न विचारायचे. मुलगा घाबरून अडखळायचा आणि मग सगळ्यांसमोर बोलणी खायचा. (व्हायवाला उत्तर येत असूनही ज्यांची दातखीळ बसते त्यांना हे लगेच समजेल.)

१७४४ मध्ये त्याचं लग्न झालं तेव्हा नवरा-नवरी दोघंही नऊ वर्षांचे होते. १७४९ मध्ये, म्हणजे १४ व्या वर्षी, वडिलांनी त्याला रीजंट केलं. कारभार मुलाने बघायचा, पण शेवटचा शब्द बापाचा. वडिलांना विचारून निर्णय घ्यावा तर एवढंही स्वतःला कळत नाही का, आणि न विचारता घ्यावा तर मला का विचारलं नाही! पाऊस पडला नाही तरी चूक युवराजाचीच. योंगजोला काही अशुभ ऐकलं की कान धुवायची सवय होती. मुलाशी बोलून झाल्यावरही तो कान धुवायचा, असं हेग्योंगने लिहिलंय. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

१७५७ मध्ये सादोवर माया करणाऱ्या दोघी, राणी आणि आजी, एकापाठोपाठ गेल्या. राणी मरणाच्या दारात होती, सादो कोपऱ्यात अंग चोरून उभा होता, आणि तेव्हाही वडिलांना दिसलं ते हे की याचे कपडे नीट नाहीत, पायाच्या पट्ट्या नीट बांधलेल्या नाहीत.

त्यानंतर त्याचा आजार वाढला. त्याला कपडे घालताच येईनात. एक जोड अंगावर चढवायचा तर दहा, वीस, कधी तीस जोड तयार ठेवावे लागत. त्यातले काही तो भुताखेतांच्या नावाने जाळून टाकायचा. एखादा जोड कसाबसा अंगावर चढला की तो मळेपर्यंत उतरवायचा नाही.

इथे मला खोटं लिहायचं नाही. सादो नुसता बिचारा नव्हता. कपडे चढवताना जरा काही चुकलं की तो नोकरांना मारायचा, आणि त्याच्या हातून खूनही झाले. १७६१ मध्ये त्याची लाडकी उपपत्नी त्याला कपडे घालत असतानाच त्याच्या हातून मेली. आपण सिरियलमध्ये ज्या दासी मान खाली घालून रेशमी झगा पुढे धरताना बघतो ना, त्यांच्यातल्या किती जणींचे हात तेव्हा थरथरत असतील!

पण कपडेच का? मी डॉक्टर नाही. मला आपलं एवढंच वाटतं की त्याच्यासाठी कपडे घालून तयार होणं म्हणजे वडिलांसमोर जाणं. आपल्याला ड्रॅगनची चार नखं दिसतात. त्याला त्या झग्यात बापाची नजर दिसत असणार.

जुलै १७६२. सादोच्या सख्ख्या आईनेच राजाला जाऊन सांगितलं की आता नातवाचा जीव वाचवायचा तर काहीतरी करा. मुलाला गुन्हेगार म्हणून मारलं असतं तर त्याच्या बायको-मुलांनाही शिक्षा झाली असती. म्हणून योंगजोने त्याला तांदूळ ठेवायच्या लाकडी पेटीत शिरायला लावलं. ऐन उन्हाळा होता. दहाही पूर्ण न झालेला यी सान आजोबांसमोर बापासाठी गयावया करत होता. आठव्या दिवशी सादो पेटीत मेला. वय वर्षं २७.

वडिलांनी बोलावलं त्या दिवशी जायच्या आधी सादोने बायकोकडे मुलाची थंडीतली टोपी मागितली होती. ती घालून आजारी असल्याचं दाखवावं असं त्याच्या मनात होतं. तिला वाटलं, लहान मुलाची टोपी याला कशी बसेल, म्हणून तिने त्याची स्वतःचीच घालायला सांगितलं. तो दुखावला. त्याला वाटलं, आपल्या अपशकुनापासून ती मुलाला वाचवतेय. तिने हे लिहिलं तेव्हा ती म्हातारी झाली होती, आणि एवढ्या वर्षांत तिला ती टोपी विसरता आली नव्हती.

नंतर वडिलांनीच त्याला सादो हे नाव दिलं. त्याचा अर्थ, दुःखाने आठवण काढावी असा. १७७६ मध्ये यी सान राजा झाला आणि आपण सादोचा मुलगा आहोत असं त्याने जाहीर केलं. १७८९ मध्ये बापाची कबर सुवॉनजवळ हलवली आणि १७९४ ते १७९६ मध्ये तिथे ह्वासोंगचा किल्ला बांधला. आपल्या लोकांसाठी खास माहिती: त्या बांधकामात दगड उचलायला जोंग याक-योंग या विद्वानाने केलेली कप्प्यांची क्रेन वापरली होती! १७९५ मध्ये यी सान आईला मिरवणुकीने तिथे घेऊन गेला. त्या मिरवणुकीत कोण कुठे होतं आणि कुणाचा पोशाख काय होता, हे सगळं चित्रांत काढून ठेवलंय.

आता शेवटचं. सेकंड इयरला माझी केटी लागली. रिझल्टनंतर बाबा होस्टेलला भेटायला येणार होते. त्या दिवशी मी चार ड्रेस घातले, चार काढले. कुठल्याच ड्रेसमध्ये मी पास झालेली दिसत नव्हते. शेवटी रात्रीच्याच टी-शर्टवर खाली गेले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि आधी जेवून घे म्हणाले. बस्स. केटीचा विषय थाळी संपल्यावर निघाला.

मी किती नशीबवान आहे हे मला सादोची गोष्ट वाचल्यावर कळलं. पण प्रत्येकाच्या वाट्याला असं जेवण येत नाही. तुमच्या विंगमध्ये कुणी दोन-तीन दिवस त्याच कपड्यांत असेल, मेसला येत नसेल, घरचा फोन वाजला की कट करत असेल, तर त्याला आळशी म्हणून सोडून देऊ नका. दार वाजवा. रेक्टर मॅडमना सांगायची वेळ आली तर सांगा. नाहीतर निदान त्याच्यासाठी मेसमधून एक थाळी तरी वर घेऊन जा.