वसंत रामजी खानोलकर

वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होते. भारतात आधुनिक विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. केंद्र सरकारने १९५२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते.

शिक्षण आणि अध्यापन

खानोलकरांचा जन्म क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ साली त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली. भारतात परतल्यावर मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय येथे त्यांनी अध्यापन केले.

टाटा स्मारक रुग्णालय

सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळा व संशोधन यांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. रुग्णांच्या राहणीचा आणि सवयींचा रोगाशी असलेला संबंध त्यांनी शोधला. चुना लावलेली तंबाखू ओठामागे धरल्याने होणारा ओठाचा कर्करोग, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढल्याने होणारा टाळूचा कर्करोग आणि धोतर कमरेला घट्ट बांधल्याने तेथील त्वचेला होणारा कर्करोग, असे तीन प्रकार त्यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली नोंदवले. या सवयी युरोपात फारशा नव्हत्या. त्यामुळे त्यांचा अभ्यास भारतातच होणे आवश्यक होते.

सरकारी निधी आणि संशोधन केंद्र

रुग्णालयाचा पैसा प्रथम समोरच्या रुग्णाच्या उपचारावर खर्च होतो. रोगाच्या मूळ कारणांचा शोध मात्र अनेक वर्षे चालतो आणि त्याचे फळ लगेच दिसत नाही. अशा कामासाठी स्वतंत्र व कायम तरतूद लागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत उभ्या राहिलेल्या संशोधन केंद्रामुळे ती उपलब्ध झाली.

खानोलकरांनी केंद्रात तरुण संशोधकांना, विशेषतः स्त्रियांना, संधी दिली. कमल रणदिवे यांनी येथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, तर सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशींचा अभ्यास केला. केंद्राचे काम कर्करोगापुरते मर्यादित राहिले नाही. कुष्ठरोगावरही तेथे संशोधन झाले. कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून १९५८ मध्ये वेगळ्या केलेल्या एका जीवाणूला केंद्राच्या नावावरून 'आयसीआरसी' हे नाव मिळाले.

टाटा स्मारक रुग्णालय १९५७ मध्ये आरोग्य मंत्रालयाकडे आले. रुग्णालय व संशोधन केंद्र या दोन्ही संस्था १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आल्या आणि १९६६ मध्ये त्यांचे मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. धर्मादाय निधीतून उभे राहिलेले रुग्णालय आणि सरकारी संशोधन केंद्र अशा रीतीने एका व्यवस्थापनाखाली आले.

इतर पदे आणि सन्मान

भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. १९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक केली.

वारसा

संशोधन केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. नंतर ते परळहून नवी मुंबईतील खारघर येथे गेले. सार्वजनिक निधीवर चालणारे तेथील संशोधन आजही सुरू आहे.