दार उघडे ठेवणारे माधवराव सप्रे



दरवर्षी गणेशोत्सवाच्या आधी समितीचे कार्यकर्ते स्मरणिकेसाठी लेख मागायला घरी येतात आणि दरवर्षी मी एखादी जाहिरात मिळवून देऊन लेख टाळतो. रेल्वेत डिप्लोमा इंजिनिअर म्हणून नोकरी करणाऱ्या माणसाने रूळ, स्लीपर आणि खडी सांभाळावी, थोरामोठ्यांची चरित्रे प्राध्यापक मंडळींनी लिहावीत, अशी माझी समजूत होती. यंदा मात्र मी स्वतःहून पाने मागून घेतली. त्याला कारण झाली गेल्या वर्षीची आपली हिशेबाची बैठक.

आपणां सर्वांना आठवत असेल, विसर्जनानंतरच्या त्या बैठकीत सामुदायिक भवनातल्या आपल्या खोलीचा विषय निघाला होता. दोन कपाटे पुस्तके, एक कॅरम, भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फलक, एवढाच काय तो संसार. उत्सवाचे दहा दिवस सोडले तर खोलीला कुलूप असते, विजेचे बिल मात्र येत राहते, एका कपाटाला वाळवी लागली आहे, तेव्हा पुस्तके कोणाला तरी देऊन टाकावीत आणि खोली सोडून द्यावी, असा प्रस्ताव आला. हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता. आपल्या वसाहतीतल्या एक आजी, ज्या कोणी न सांगता मधूनमधून ती खोली झाडून काढतात, त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त त्यांचा हात खाली राहिला. त्यांच्याबरोबर आणखी तीन-चार हात खाली राहिले म्हणून निर्णय पुढे ढकलला गेला.

त्यानंतर काही दिवसांनी मुलीच्या शाळेत छत्तीसगडमधील थोर व्यक्तीवर प्रकल्प करायचा होता. तिने पंडित माधवराव सप्रे यांचे नाव निवडले. उरल्याहून रायपुरात गेलो की सप्रे शाळेचे मैदान आपण सर्वच पाहतो. पण सप्रे कोण, याचे उत्तर मला दोन वाक्यांपलीकडे देता आले नाही. मग बापलेक मिळून वाचत गेलो. प्रकल्प तिचा पूर्ण झाला, माझा मात्र तिथून सुरू झाला.

माधवरावांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घराणे मूळचे कोकणातले. वडिलांचे नाव कोंडोपंत. घरची परिस्थिती बेताची. पोट हातावर घेऊन जी मराठी कुटुंबे तेव्हा नर्मदेपलीकडे आणि महानदीच्या खोऱ्यात पसरली, त्यांतलेच हे एक. आज आपल्यापैकी कोणी भिलाईला, कोणी रेल्वेत, कोणी उरल्याच्या कारखान्यात नोकरीनिमित्त आले, त्याची सुरुवात अशी शंभर-सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. लहानपणीच ते बिलासपूरला आले. प्राथमिक शिक्षण तिथे आणि पुढचे रायपूरच्या सरकारी हायस्कुलात झाले. याच शाळेतल्या शिक्षकांमुळे त्यांना हिंदीची गोडी लागली. पुढे जबलपूर, ग्वाल्हेर अशी शिक्षणासाठी भटकंती झाली आणि 1898 मध्ये ते बी.ए. झाले.

त्या काळी बी.ए. झालेल्या तरुणापुढे सरकारी नोकरीचे दार सताड उघडे असे. माधवरावांनी त्या दाराकडे पाठ फिरवली. मध्यंतरी त्यांनी सरकारी बांधकामाची ठेकेदारीही करून पाहिली आणि त्यात तोटा सोसला. ठेकेदारांशी माझा रोजचाच संबंध येत असल्याने हे वाचून मला गंमत वाटली. जो माणूस हिशेबात दुसऱ्याला नाडत नाही, त्याचा हा धंदा नव्हे. शेवटी पेंड्रा येथील जमीनदारीच्या राजकुमाराला शिकवण्याची नोकरी त्यांनी धरली. पगार जेमतेम, पण त्यातूनच पैसे बाजूला टाकून त्यांनी जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले.

या मासिकामागे तीन मित्र होते. संपादनाला माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशनाची जबाबदारी वामन बळीराम लाखे यांच्याकडे. तिघेही मराठी घरांतले. पण ज्या मातीत राहतो तिथल्या शेजाऱ्याला वाचायला काही मिळाले पाहिजे, या एका विचाराने त्यांनी हिंदीत मासिक काढले. आपण आपला गणपती बसवतो तेव्हा आरतीला मराठी जितके येतात तितकेच छत्तीसगढी, उडिया, बिहारी शेजारी येतात. त्यांच्यासाठी आपण दहा दिवसांपलीकडे काय करतो, हा प्रश्न मला इथे पहिल्यांदा टोचला.

काम सोपे नव्हते. मासिक लिहिले जाई पेंड्र्यात आणि छापले जाई रायपुरात. पेंड्रा रोडवरून कटनी-बिलासपूर मार्ग 1891 मध्ये सुरू झाला होता. खोडरी-भनवारटंकचा घाट उतरून बिलासपूरला सुमारे 100 किलोमीटर आणि पुढे रायपूरला आणखी 110. आज मोबाईलवर एका क्षणात पान पाठवणाऱ्या आपल्या स्मरणिका समितीने त्या काळच्या मुद्रितशोधनाची कल्पना करून पाहावी. पुढे छपाई नागपूरला हलवली, म्हणजे अंतर आणखी वाढले. तरीही अंक निघत राहिले. ग्रंथांची परखड परीक्षणे, देशाच्या परिस्थितीवरील लेख, कथा असे सर्व त्यांत असे.

याच मासिकात 1901 मध्ये माधवरावांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा छापून आली. हिंदीतील अगदी पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. आड येते ती शेजारच्या गरीब विधवेची झोपडी. कायद्याचा आधार घेऊन तो ती बळकावतो. पोरकी नात तिथल्याच चुलीवरची भाकरी हवी म्हणून हटून बसलेली असते, म्हणून म्हातारी चुलीसाठी एक टोपली माती मागायला येते आणि टोपली उचलायला हात लावा म्हणून जमीनदारालाच विनवते. त्याला ती टोपली जागची हलवता येत नाही. म्हातारी त्याला विचारते की एक टोपली झेपत नाही, तर हजारो टोपल्या मातीचा भार जन्मभर कसा वाहणार? जमीनदाराचे डोळे उघडतात, तो क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो. दीड-दोन पानांची गोष्ट, पण शेजाऱ्याचे शेजाऱ्यावर काय ऋण असते ते यात पुरेपूर आले आहे.

आता या मासिकाचे पुढे काय झाले ते ऐका. 1902 च्या अखेरीस ते बंद पडले. सरकारने बंद केले नाही, लिहायला मजकूर नव्हता असेही नाही. विद्वानांनी कौतुक केले, लोकांनी अंक घेतले, वाचले, आणि पुष्कळांनी वर्गणी भरली नाही. दरवर्षीचा तोटा तीन मित्रांच्या खिशातून किती दिवस भरून निघणार? हे वाचताना मला आपल्या खोलीची वर्गणी-वही आठवली. त्या वहीत माझ्या नावापुढे सलग सात महिने कोरे होते. खोली छान आहे, असे मी आल्या-गेल्या पाहुण्यांना मात्र आवर्जून सांगत होतो.

माधवराव खचले नाहीत. नागपूरला जाऊन त्यांनी 1906 मध्ये ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली आणि 13 एप्रिल 1907 पासून लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’चा विचार हिंदी प्रांतात पोहोचवणारा ‘हिंदी केसरी’ काढला. लेखनाची धार सरकारला बोचली आणि ऑगस्ट 1908 मध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली त्यांना अटक झाली. इथे त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग येतो आणि तो झाकून ठेवू नये असे मला वाटते. वडीलबंधूंनी घरच्यांची शपथ घालून, जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा धाक घालून त्यांच्यावर दबाव आणला. काही महिन्यांच्या तुरुंगवासानंतर माधवरावांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. सहकाऱ्यांच्या नजरेतून उतरले. स्वतःच्या नजरेतून तर त्याहून अधिक.

दुसरा एखादा माणूस इथे संपला असता. माधवरावांनी घरदार सोडून वर्ध्याजवळ हनुमानगड येथे रामदासी सत्पुरुषाच्या सान्निध्यात वर्षभराहून अधिक काळ काढला. बी.ए. झालेला, दोन नियतकालिके चालवलेला हा माणूस झोळी घेऊन मधुकरी मागत असे. आपल्या जुन्या पिढीला मधुकरी माहीत आहे. एका घरावर भार नाही, प्रत्येक दारातून थोडे थोडे. ज्या माणसाचे मासिक वर्गणीदारांनी बुडवले, तोच माणूस पुन्हा लोकांच्या दारात उभा राहिला, यावेळी संपादक म्हणून नव्हे, याचक म्हणून. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सर्व कार्याचे बीज या झोळीत आहे. संस्था एका दात्याच्या थैलीवर टिकत नाही, अनेक घरांच्या मुठीवर टिकते.

रायपूरला परतल्यावर त्यांनी तिथे रामदासी मठ उभा केला. समर्थांच्या ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद केला. 1911 च्या सुमारास मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू केली. त्या काळी मुलीला शाळेत पाठवा, हे शेजाऱ्याला पटवणे वर्गणी मागण्यापेक्षा अवघड होते. लोकमान्यांचा ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्याचा हिंदी अनुवादही माधवरावांनीच केला. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतावरील ग्रंथाचेही त्यांनी हिंदी केले. मराठीतले उत्तम ते शेजाऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवण्याचे हे काम त्यांनी जन्मभर केले.

जानेवारी 1920 मध्ये त्यांच्या प्रेरणेने जबलपूरहून ‘कर्मवीर’ सुरू झाला. संपादक म्हणून त्यांनी माखनलाल चतुर्वेदींना पुढे केले आणि स्वतः मागे राहिले. असहकाराच्या चळवळीत, 1921 मध्ये, रायपुरात राष्ट्रीय विद्यालय सुरू झाले. त्यामागेही माधवराव आणि त्यांचे जुने मित्र वामनराव लाखे होते. लाखे यांच्याविषयी एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. मासिक बंद पडल्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, 1913 मध्ये, याच लाखे यांनी रायपुरात सहकारी बँकेची उभारणी केली. थोड्या थोड्या पैशांतून लोकांची संस्था कशी चालवावी, हा धडा ‘छत्तीसगढ मित्र’च्या थकबाकीने त्यांना शिकवला असावा, असा माझा आपला तर्क.

1924 मध्ये देहरादून येथे हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी माणसाला मिळाले. 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. वय अवघे 54. त्या हिशेबाने 2026 हे त्यांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष. भोपाळला 1984 मध्ये त्यांच्या नावाने जुन्या वृत्तपत्रांचे संग्रहालय उभे राहिले आणि अभ्यासक तिथे लांबून येतात. त्यांच्या पश्चात नऊ वर्षांनी, 1935 मध्ये, रायपूरचे महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. चौबे कॉलनीतले ते भवन आपण सर्व जाणतो. एवढी वर्षे ते उभे आहे ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या कार्यकर्त्यांच्या खांद्यावर.

माधवरावांनी सुरू केलेल्या सर्वच गोष्टी टिकल्या नाहीत. जिथे लोकांनी भार वाटून घेतला तिथे काम पुढे गेले. जिथे लोक नुसते कौतुक करत बसले तिथे ते तीन वर्षांत आटोपले. आमच्या खात्यातही हेच आहे. रूळ कितीही भक्कम असो, रोज पायी चालत जाऊन त्यावर नजर टाकणारा माणूस नसेल तर गाडी सुरक्षित राहत नाही. खोलीचेही तसेच. तिला फार मोठा देणगीदार नको, रोज संध्याकाळी कुलूप काढणारा कोणीतरी हवा.

पुढच्या बैठकीत मी माझे मत मागे घेतले, थकलेले सात महिने भरले आणि आजींच्या घरी जाऊन खोलीच्या किल्लीची दुसरी प्रत करून आणली. आता बारा घरांनी पाळी वाटून घेतली आहे. ज्याची पाळी त्याने साडेसहाला दार उघडायचे, नऊला बंद करायचे. कारखान्यात रात्रपाळी असेल तर शेजाऱ्याने बदली द्यायची. वाळवीचे कपाट दोन मुलांनी उन्हात काढून औषध लावून दुरुस्त केले. शेजारच्या छत्तीसगढी घरांतली मुले अभ्यासाला येऊ लागली, तेव्हा एका काकूंनी हिंदी पुस्तकांसाठी एक फळी रिकामी करून दिली. त्या फळीवर पहिले पुस्तक माझ्या मुलीने ठेवले. त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ आहे.

सर्व काही सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात दोनदा दार उघडलेच नाही, त्यातली एक पाळी माझी होती. विजेचे बिल अजून जेमतेम भरते. म्हणूनच ही विनंती. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर पाळीचा तक्ता छापला आहे. त्यात रविवारचा रकाना रिकामा आहे. आरतीला याल तेव्हा त्यात आपले नाव लिहा. माधवरावांना आपण यापेक्षा वेगळी श्रद्धांजली ती काय वाहणार?

गणपती बाप्पा मोरया!