पाहून शिकलेले रंग : राजा रविवर्मा

पाहुण्यांना आपण बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा दाखवायला नेतो, तेव्हा रविवर्म्यांच्या चित्रांपुढे सगळ्यांचीच पावले थांबतात. हे तैलरंग त्यांना कोणी हाताला धरून शिकवले नव्हते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोरातील किलिमानूर येथे झाला. चित्रकलेचे पहिले धडे मामा राजराज वर्मा यांनी दिले. चौदाव्या वर्षी ते त्रावणकोरच्या महाराजांकडे तिरुवनंतपुरमला आले. तिथे तैलरंग जाणणारे चित्रकार होते रामस्वामी नायकर. त्यांनी विद्या द्यायचे नाकारले. त्यांचा शिष्य अरुमुगम पिल्लै रात्री गुपचूप येऊन जमेल तेवढे दाखवून जाई, असे सांगतात. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार दरबारात आले. त्यांनीही शिकवले नाही, काम करताना फक्त पाहू दिले. रविवर्मा पाहत राहिले आणि करत राहिले.

पाण्यातला रंग चटकन वाळतो, तेलातला ओला राहतो. म्हणून एक रंग दुसऱ्यात कापडावरच मिसळून उजेडाकडून सावलीकडे हळूहळू नेता येतो. पण हात जरा जास्त फिरला की साऱ्याचा चिखल होतो. गव्हाळ अंगकांती, तिच्यावरची सावली, शेजारी जरीचा काठ, हे जुळवणे त्यांनी सरावानेच कमावले. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले.

त्रावणकोरचे माजी दिवाण सर टी. माधवराव पुढे बडोद्याचे दिवाण झाले आणि रविवर्म्यांचा आपल्या शहराशी संबंध जुळला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करून घेतली.

१८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे काम उलटे होते. कुंचल्याने एकजीव केलेले रंग छपाईसाठी पुन्हा सुटे करायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि ठशावर ठसा अचूक बसवायचा. तेव्हाच लक्ष्मी-सरस्वती आपल्या आजी-पणजींच्या देवघरांत पोहोचल्या. छापखाना मात्र तोट्यात जाऊन विकावा लागला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा निवर्तले.

विद्या अडवणारे त्यांना भेटले, तरी त्यांची चित्रे घरोघरी गेली. आपल्या मंडळींत ज्यांच्या हाती कला आहे, त्यांनी मुलांना ती मोकळेपणाने द्यावी. विद्येच्या देवतेच्या या उत्सवात आम्हांला एवढेच सांगावेसे वाटते.