क्रॉफर्ड मार्केटवाल्या क्रॉफर्डने मुंबई साफ केली, पण बिल बघून शेठलोक भडकले

मुंबईत खरेदीला गेलेला माणूस क्रॉफर्ड मार्केटला गेला नाही असं सहसा होत नाही. कागदोपत्री त्याचं नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई आहे, पण टॅक्सीवाल्याला आजही क्रॉफर्ड मार्केटच सांगावं लागतं.

हा क्रॉफर्ड म्हणजे आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. बाहेरगावाहून कामाला आलेल्या माणसांच्या लोंढ्याचं शहराने करायचं काय, हा प्रश्न मुंबईच्या पालिकेसमोर पहिल्यांदा आ वासून उभा राहिला, तेव्हा खुर्चीत हा गडी बसला होता.

क्रॉफर्डचा जन्म १८३५ चा. विशीत असतानाच मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीत रुजू झाला आणि तिशीत मुंबई शहर त्याच्या ताब्यात आलं.

पण कोणती मुंबई?

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मुंबईत पैसा अक्षरशः ओतला जाऊ लागला. बँका निघाल्या, समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे शेठ शेअर बाजाराचे राजे झाले. किल्ल्याचा तट पाडून मोकळ्या जागेवर इमारती उठू लागल्या.

आता हे सगळं करायला हात लागतात. कापसाचे गठ्ठे कोण उचलणार? दगड कोण फोडणार, भराव कोण टाकणार? कोकणातून माणसं गलबतांनी आली. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तशी देशावरचीही येऊ लागली. गुजरातेतून आली, तेलंगणातून आली. कामाठीपुऱ्याचं नाव तर तेलुगू कामाठी मजुरांवरूनच पडलेलं. गिरण्या तेव्हा अजून बोटावर मोजण्याएवढ्या होत्या. हा लोंढा मुख्यतः गोदी, गोदामं आणि बांधकामाच्या कामावरचा.

१८६४ साली शिरगणती झाली. आकडा आला ८ लाख १६ हजार ५६२.

एवढी माणसं राहत कुठे होती? जिथे जागा मिळेल तिथे. एकेका खोलीत दाटीवाटीने, नाहीतर सखल, पाणी साचणाऱ्या जमिनीवरच्या झोपड्यांत. १८६० पासून विहारचं पाणी नळाने शहरात येत होतं, तरी गोरगरिबांना विहिरी आणि तलावांचाच आधार होता. गटारं उघडी, मैला वस्तीतच पडलेला. कॉलरा दरवर्षी ठरलेल्या पाहुण्यासारखा यायचा आणि सगळ्यात आधी या वस्त्यांत शिरायचा.

पालिका काय करत होती? १८५८ पासून तीन कमिशनर मिळून कारभार हाकत होते. तिघांचा कारभार म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही. शेवटी सरकारने १८६५ चा कायदा आणला आणि सगळे अधिकार एकाच कमिशनरच्या हातात दिले. त्याच्यावर देखरेख करायला जस्टिस ऑफ द पीस होते, म्हणजे सरकारने नेमलेले शहरातले बडे लोक. कागदावर देखरेख, प्रत्यक्षात क्रॉफर्डला आडवा जाणारा कुणी नव्हता.

आणि नशीब बघा. त्याने कारभार हाती घेतला तो नेमका १८६५ च्या मध्यात. अमेरिकेतलं युद्ध संपलं होतं, कापसाचा भाव कोसळला होता आणि जुलैमध्ये मुंबईचा शेअर बाजार आडवा झाला. कालचे लखपती आज दिवाळखोर. पैसा गेला, घाण तेवढी मागे उरली.

दुसरा कुणी असता तर हात राखून बसला असता. क्रॉफर्डने उलटं केलं.

त्याने डॉ. हेवलेट या आरोग्य अधिकाऱ्याला सोबत घेतलं आणि गल्लीबोळांतला कचरा, मैला उचलण्याची व्यवस्था लावली. हे काम ज्यांच्या जिवावर चालायचं ते हलालखोर म्हणजे भंगी कामगार, तेही शहरात पोटासाठीच आलेले. इतिहासात त्यांच्यापैकी कुणाचं नाव राहिलं नाही, ही गोष्ट वेगळी. रस्ते रुंद झाले, नवे रस्ते निघाले. भरवस्तीतला कत्तलखाना वांद्र्याला हलला. चरबी वितळवणारे, आतडी साफ करणारे असले दुर्गंधीचे धंदे वस्तीबाहेर काढले. आणि जिथे तिथे मांडलेला भाजी-मटणाचा बाजार एका छताखाली आणण्यासाठी १८६९ साली मार्केट उभं राहिलं. नकाशा विल्यम इमर्सनचा, दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची.

परिणाम दिसला. पुढच्या काही वर्षांत कॉलऱ्याचा जोर ओसरला. ज्या मजुराने आयुष्यात क्रॉफर्डचं नाव ऐकलं नव्हतं, त्याचं पोर कदाचित यामुळे वाचलं असेल.

पण एक काम त्याने केलं नाही. मजुरांसाठी घरं बांधली नाहीत. शहर धुऊन काढणं हे पालिकेचं काम, पण कामगाराने राहायचं कुठे हा ज्याचा त्याचा प्रश्न, असाच तो जमाना होता. रस्ता रुंद करताना जी घरं पाडायची, त्यातला भाडेकरू पुढे कुठे जातो याची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. त्यामुळे क्रॉफर्डला गरिबांचा कैवारी ठरवणं म्हणजे अतीच होईल.

आता पैशाचं बोलू. क्रॉफर्ड खर्च करायचा तो मागचापुढचा विचार न करता. मंजुरी नंतर, काम आधी. हिशोबांचा गोंधळ, पालिकेवर कर्ज, वर घरपट्टी आणि इतर करांचा बोजा. मंदीने आधीच पोळलेले मालमत्ताधारक चिडले. त्यात आणखी एक गंमत होती. ज्या गर्दीसाठी खर्च सुरू केला, तीच ओसरली. काम संपलं तशी माणसं गावी परतली आणि १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६ लाख ४४ हजार ४०५ भरली. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं कमी! मजूर येतो एका हंगामात, गटारं आणि रस्ते व्हायला वर्षं लागतात, आणि बिल येतं तेव्हा मजूर निघून गेलेला असतो.

१८७१ साली करदात्यांनी क्रॉफर्डविरुद्ध मोहीम उघडली. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे नामवंत त्यात होते. मागणी अशी की एका माणसाच्या हातातला कारभार काढून घ्या.

या गदारोळात सव्वीस वर्षांचा एक पारशी बॅरिस्टर उभा राहिला. फिरोजशहा मेहता. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. दोष कमिशनरच्या पदाचा नाही, त्याला जाब विचारणारी निवडून आलेली सभाच नाही, हा खरा दोष. कमिशनर ठेवा, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेले सभासद बसवा. जमलेल्या लोकांना ते अजिबात रुचलं नाही.

क्रॉफर्डला मात्र जावं लागलं. पाठोपाठ १८७२ चा कायदा आला आणि तो बराचसा मेहतांच्या सुचवण्यांच्या वाटेने गेला. ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे. मुंबईत निवडणूक आली ती अशी, खर्चाच्या भांडणातून.

यात मत कुणाला? कर भरणाऱ्याला. खोलीत दाटीने राहणारा हमाल भाड्यातून घरमालकाचा कर भरत होता, पण पालिकेच्या लेखी तो करदाता नव्हता. त्यामुळे पुढची कित्येक दशकं गटार कुठे आधी बांधायचं हे ठरवताना त्याला कुणी विचारलं नाही. भाडेकरूंना मत मिळालं १९२२ मध्ये, तेही महिना दहा रुपये भाडं देणाऱ्यांना. सगळ्या प्रौढांना मतदान करता आलं ते थेट १९४८ साली.

क्रॉफर्डची गोष्ट इथे संपत नाही. पुढे तो पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर झाला आणि हातचं न राखता खर्च करण्याची सवय स्वतःच्या खिशालाही लागली. १८८८ मध्ये त्याच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. हाताखालच्या मामलेदारांकडून बढती-बदलीसाठी पैसे घेतल्याचं प्रकरण अख्ख्या महाराष्ट्रात गाजलं. चौकशी आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत, पण हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचा ठपका ठेवला आणि नोकरी गेली. साहेब सुटला, पण माफीच्या आश्वासनावर साक्ष देणारे मामलेदार अडचणीत आले. त्यांच्या बाजूने पुण्यात उभे राहिले ते लोकमान्य टिळक.

क्रॉफर्ड १९११ मध्ये वारला. मधल्या काळात गिरण्या वाढल्या, कामगार पुन्हा लोंढ्याने आले, चाळी खचाखच भरल्या आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. तेव्हा १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमावा लागला. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला कामगारांसाठी बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्याही पालिकेने बांधल्या नाहीत, सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या.