खराटेवाल्या बाबांचा कारभार

आमच्या चांदूर रेल्वेत बचत गटाची बैठक असली की एक विषय हमखास निघतो. काम नीट चाललंय की नाही, हे बघायचं कोणी आणि कसं? अध्यक्षबाईंनी फार विचारलं तर बायांना राग येतो, नाही विचारलं तर वहीतल्या नोंदी राहून जातात. कंपन्यांत यासाठी पगारी मॅनेजर असतात. पण आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत न गेलेल्या एका माणसाने कितीतरी संस्था उभ्या केल्या आणि त्यांवर लक्षही ठेवलं. ते म्हणजे गाडगेबाबा.

२३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावात परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला माहेरी आली. डेबूने मामांची गुरं राखली, शेत कसलं. पुढे तेच शेत सावकाराच्या कागदात गेलं. घरात कोणाला कागद वाचता येत नव्हता ना! हिशेबाच्या बाबतीत बाबा इतके कडक का, याचं उत्तर मला इथेच सापडतं.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि फुटकं गाडगं. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. दिवसभर हा माणूस झाडतो आहे म्हटल्यावर गावकरी कुठवर बघत बसतील? तेही झाडू घ्यायचे. हुकूम कोणालाच नव्हता. कीर्तनातही बाबा लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. कर्ज काढून सण का करता, दारूवर किती जातात, पोराला शाळेत घातलं का? ज्याची चूक त्याच्याच तोंडून निघायची.

पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा झाल्या. लाखोंचा पैसा आला, पण बाबांनी तो स्वतःजवळ ठेवला नाही. व्यवहार विश्वस्तांनी बघायचा, बाबांनी जाब विचारायचा. ज्याच्या हातात तिजोरी, तोच तपासणारा, असं त्यांनी होऊ दिलं नाही. आपल्या गटातही पैसे ठेवणारी आणि हिशेब तपासणारी वेगळी हवी, असं मी म्हणते ते यामुळेच.

सगळ्यात अवघड नियम त्यांनी घरच्यांना लावला. धर्मशाळेतलं अन्न गोरगरिबांसाठी, आपल्या माणसांनी त्यावर हक्क सांगायचा नाही. पत्नी कुंताबाई झोपडीत राहिल्या. बाई म्हणून मला हे वाचताना जड जातं, खरं सांगते. नवऱ्याच्या नियमाची किंमत त्यांनी भरली, आणि चरित्रांत त्यांच्या वाट्याला येतात चार ओळी. पण संस्थापकाच्या बायकोलाच सवलत नाही म्हटल्यावर तिथल्या कारकुनाची मूठभर तांदूळ घरी न्यायची हिंमत झाली असती का?

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झालं, म्हणजे आपल्यामागे काम कोणी बघायचं तेही ठरलं. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला, प्रवासातच ते गेले.

२०००-०१ मध्ये सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. समित्या गावं तपासून गुण देतात, बक्षिसं मिळतात. त्यातून गावं खरंच सुधारली. तरी एका गावात मी पाहिलं, समितीच्या आदल्या रात्री कंदील लावून झाडझूड चालली होती आणि आठवड्याने उकिरडा पुन्हा जागेवर. समितीची तारीख आधी कळलेली असते. चिंध्या पांघरलेले बाबा कधी वेशीत येऊन उभे राहतील, हे कोणाला कळत नसे.