आधी पुठ्ठ्यात, मग काँक्रीटमध्ये

रियाधमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला सौदीच्या मध्यवर्ती बँकेची, म्हणजे ‘सामा’ची इमारत निदान बाहेरून तरी माहीत असते. ती कुणी आखली, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तिचे आर्किटेक्ट मिनोरू यामासाकी. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमुळे त्यांचं नाव जगभर झालं. मी इथे बांधकाम क्षेत्रातच आहे. घर सोडून परमुलखात राबणाऱ्या आपल्यासारख्यांना हा माणूस जवळचा वाटेल, म्हणून हे लिहितोय.

यामासाकी १९१२ साली सिअ‍ॅटलमध्ये जपानी स्थलांतरितांच्या घरात जन्मले. परिस्थिती बेताची. शिक्षणाच्या खर्चासाठी ते उन्हाळ्यात अलास्कात मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत राबले. १९३४ साली पदवी मिळाली, पण तेव्हा मंदी होती. न्यूयॉर्कला येऊन सुरुवातीला चक्क कपबशा कागदात गुंडाळण्याचं काम केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा त्यांनी आई-वडिलांना आपल्या न्यूयॉर्कच्या घरी आणून सांभाळलं. पुढे डेट्रॉइटला नाव कमावलं, तरी वंशामुळे हव्या त्या वस्तीत घर मिळेना.

त्यांच्या कामाची पद्धत मला फार आवडते. नुसत्या नकाशावर त्यांचा भरवसा नसे. मॉडेल करायचं, निरखायचं, पटलं नाही तर बाजूला सारून दुसरं करायचं. जुळ्या मनोऱ्यांच्या वेळी शंभराहून अधिक पर्याय मॉडेलांतून तपासले गेले, तेव्हा कुठे दोन मनोऱ्यांवर शिक्कामोर्तब झालं.

यातली गंमत घरीही करून बघता येते. कागदाचं पान दोन पुस्तकांच्या मध्ये आडवं ठेवा, मधोमध वाकतं. त्याच पानाला पंख्यासारख्या घड्या घाला, की ते वजन पेलतं. डेट्रॉइटमधल्या अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या इमारतीला यामासाकींनी असंच घड्यांचं काँक्रीटचं छत दिलं. माझी मुलगी पुण्यात आर्किटेक्चर शिकते. सुट्टीत इथे आली की पाण्याच्या बाटल्यांचे खोके, कटर आणि फेव्हिकॉल घेऊन बसते. तिला मी हेच सांगतो, काय मोडायचं ते पुठ्ठ्यातच मोडून घे. स्लॅब एकदा पडला की मोडणं परवडत नाही.

सौदीत यामासाकी ‘सामा’च्या आधीच आले होते. धहरानचं विमानतळ टर्मिनल १९६१ साली पूर्ण झालं. कमानींचे काँक्रीटचे तयार भाग जोडून उभारलेली ही इमारत इतकी आवडली, की सौदीच्या नोटेवर तिचं चित्र आलं. आपल्याकडचा ताजमहाल त्यांना फार प्रिय होता. १९५९ साली दिल्लीच्या जागतिक कृषी प्रदर्शनातला अमेरिकेचा मंडपही त्यांचाच.

पण मॉडेल सगळंच सांगत नाही. सेंट लुईसमध्ये त्यांनी गरिबांसाठी प्रुइट-आयगो वसाहत आखली. उंच आणि बैठ्या घरांची सरमिसळ असावी, असा त्यांचा आग्रह होता. खर्चाच्या नावाखाली तो मोडला गेला आणि सरसकट अकरा मजली ३३ इमारती उभ्या राहिल्या. देखभाल नाही, पैसा नाही. लोक सोडून जाऊ लागले. १९७२ पासून सुरुंग लावून त्या पाडाव्या लागल्या. हा सल त्यांना कायम राहिला.

जुळ्या मनोऱ्यांच्या खिडक्या मात्र त्यांनी मुद्दाम खांद्याएवढ्या अरुंद ठेवल्या. त्यांना स्वतःला उंचीची भीती वाटायची, आत बसणाऱ्याला ती वाटू नये म्हणून. १९८६ साली ते गेले. मनोरे पडलेले त्यांना बघावे लागले नाहीत.

आपली कितीतरी मराठी पोरं आज रियाधमध्ये साइटवर उभी आहेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, मंजूर झालेल्या मॉडेलमधून नंतर काय काय कापलं जातंय, तिकडे डोळा ठेवा. तिथे राहायला माणसं येणार असतात.